हायवेचा ओवरशेर

ऐका. शेकोटीजवळ सरका. सरका अजून. पण पाठीमागं बघू नका. हां.

खिंडीपलीकडं जी वाट जाते, तिला आपण हायवे म्हणतो. नाव हायवे! समोरनं गाढव आलं तर आपण निवडुंगात उभं ऱ्हायाचं! पण गोऱ्या साहेबाच्या राज्यात तिथनं मोठा रस्ता जायचा व्हता बरं का. मोजणी झाली, दगड रोवले. साहेब गेला, दगड ऱ्हायले. मग आपलं राज्य आलं. परत मोजणी, परत दगड. मग एका मंत्र्यानं नारळ फोडला, खोबरं वाटलं, फटाके उडवले. आन् रस्ता? रस्ता कुठला! वाट बघून बघून म्हातारी माणसं वर गेली.

त्या पयल्या मोजणीत एक ओवरशेर व्हता, रस्त्याच्या कामावर देखरेख करणारा साहेब. मापं घेत घेत मागं मागं सरकला आन् गेला दरीत! तवापासनं... ऐका तर.

आपला यसबा खुटाळे. धिप्पाड गडी, पण खायला पुढं. त्याच्या भाचीचं लगीन व्हतं, दरीपल्याड तांबेवाडीला. सकाळचा मुहूर्त. मामानं पिवळी साडी आणायची, मामानं नवरीमागं उभं ऱ्हायाचं. मामाबिगर लगीन लागतंय व्हय? आन् हा पठ्ठ्या साडी घ्यायला तालुक्याला गेला, भजी खात बसला आन् एश्टी चुकली! घरी आला तवर दिवस बुडाला. गाडीवाटेनं जावं तर तिकडं पंगती उठायच्या.

बायको म्हणाली, "अवो, काय बी करा, पण हायवेनं जाऊ नका."

"अगं, जो रस्ता झालाच न्हाय, त्याच्यावर भूत कुठनं येतंय?" म्हणला आन् साडी काखंत मारून निघाला.

खिंड ओलांडली. चांदणं पातळ. वारा न्हाय, कुत्रं न्हाय. आन् मागनं आवाज. खळ्‌... खळ्‌... खळ्‌! थांबला, तर आवाज थांबला. चालला, तर पुन्यांदा खळ्‌ खळ्‌! आन् एकदम म्होरं माणूस उभा! खाकी चड्डी, डोक्यावर जुनाट टोपी, हातात मोजणीची लोखंडी साखळी.

"दादा, जरा टोक धरता का?"

यसबा भला माणूस. धरलं. धरलं आन् मूठच उघडंना! झटकली, ओढली, दगडावर आपटली. न्हाय म्हंजी न्हाय!

"चला," ओवरशेर म्हणला, "थोडंच ऱ्हायलंय. दरीपातूर."

यसबानं खाली बघितलं. अगं आई गं! पाय उलटे! गडी पुढं चाललाय का मागं, तेच कळंना!

रामाचं नाव घ्यावं तर जीभ टाळूला चिकटलेली. आन् बघतो तर काय, पायाखाली डांबर! काळंभोर, गुळगुळीत! दोन्ही अंगाला दिवे. कडंला हाटेल, कढईत भजी तळत्यात. वास तर असा! यसबाचे पाय आपसूक भराभर निघाले.

"मोजणीच्या झेंडीला कापड कमी पडतंय," ओवरशेर म्हणला. "ते काखंतलं पिवळं द्या."

"मेलो तरी देणार न्हाय!" यसबाला तिथं वाचा फुटली. "माझ्या भाचीचं हाय!"

"बरं ऱ्हाऊ द्या. मग पूल तेवढा मोजू."

म्होरं पूल. पांढरा, झगमगता. यसबानं पाय उचलला, तसा बोटाखालचा खडा घरंगळला. गेला... गेला... आवाजच न्हाय! पूल कसला, दरी! साखळी म्होरनं ताणलेली. एक पाऊल, की खेळ खलास!

आन् यसबा बोंबलला, "थांबा! माझी हरकत हाय!"

साखळी जागच्या जागी थांबली.

"हरकत?" ओवरशेरचं तोंडच उतरलं. "कसली हरकत?"

"पुलाच्या बरोबर मधी आमचा म्हसोबा हाय! हालवायचा न्हाय!"

"मागच्या मोजणीत कुणी बोललं न्हाय."

"इचारलं व्हतं का कुणी?"

ओवरशेर रडकुंडीला आला. "मग रस्ता वळवावा लागंल. पयल्या दगडापासनं पुन्यांदा मोजायचं आलं हो!"

"मोजा की! तुमास्नी कुठं मुहूर्त गाठायचाय?"

साखळी ढिली पडली. मूठ उघडली. दिवे गेले, हाटेल गेलं, भजी बी गेली. खळ्‌ खळ्‌ करत ओवरशेर माघारी निघाला आन् यसबा शेरडांच्या वाटेनं बुडावर घसरत दरीत! तिथनं वर. तांबेवाडीत पोचला तवा भटजी "मामा कुठाय, मामा?" म्हणून घसा फोडत व्हते. धोतराच्या चिंध्या, अंगभर काटे. साडी मात्र जशीच्या तशी!

भण म्हणाली, "दादा, कुठनं आलास रं असा?"

"हायवेनं," म्हणला आन् मटकन खालीच बसला. लगीन लागलं, मग ताप चढला. पंगत वाढली तरी भज्याला हात लावला न्हाय गड्यानं!

हसताय? गेल्या साली परत मोजणीवाले आले, ठावं हाय ना? तंबू ठोकला आन् रातीतनं गुंडाळून पळाले. त्यातला एक इंजिनेर मला पाराजवळ भेटला. पोरगं पांढरंफटक पडलेलं. म्हणला, "आजोबा, तुमच्याकडचा तो जुना साहेब फार कडक हाय हो. आमचं माप चुकलं म्हणला, आन् रातभर सगळं परत मोजायला लावलं!"

म्हणून सांगतो लेकरांनो, पाय मोडला तरी चालंल, पण त्या वाटंला जाऊ नका. चला, उठा आता. आन् कुणाला लघवीला जायाचं असंल तर हितंच गोठ्यामागं बसा. लांब जाऊ नका.