समुद्रातली माहेरं

दाढ सुजल्यामुळे शिवणवाल्या मावशींचं तोंड बंद होतं. दवाखान्यात शेजारी बसलेल्या मायलेकींचं मात्र जोरात सुरू होतं.

“कॉम्प्युटरवर दिवसभर करतेस तरी काय गं?”

“बायकांच्या जुन्या गाण्यांत गावाचं नाव आलं की त्याला ‘ठिकाण’ असा टॅग लावते. मग ते गाव आपोआप नकाशावर उमटतं.”

“मग तोंड पाडून का बसलीयेस?”

“माहेरालाही तोच टॅग लावला. कॉम्प्युटरला ते कुठं सापडेना, त्यानं सगळी माहेरं भर समुद्रात नेऊन टाकली!”

“अगं बाई! सगळी एकाच जागी?”

“हो. आता एकेक टॅग काढत बसायचं.”

मावशींचं नाव पुकारलं. त्यांनी हातानंच मागच्या माणसाला पुढे पाठवलं.

“काढू नकोस,” आई लेकीला म्हणाली. “राहू देत तिथंच. सगळ्याजणी भेटतील तरी, आणि सासरहून न्यायला कुणी येणार नाही.”