तिसऱ्या शिफ्टची तारीख

—बस रे, बस, चहा सांगितलाय, इंटरव्ह्यू संपला, आता कशाला सर-सर करतोस, प्रीतम म्हण – नाही, नको, सरच म्हण. हे बघ समाधान, कोड तुझा चालला, मी कुठं नाही म्हणतो? पहिल्या झटक्यात चालला. पण नुसत्या चालणाऱ्या कोडला कोण विचारतं राव! शेरा काय लिहिलाय मी, सांगू? ‘बोलण्यात कच्चा.’ खोटं आहे का? आमच्या बॉस मिनल मॅडमनी विचारलं, स्वतःबद्दल सांगा, तर तू पार गावापासून सुरू केलंस – जालना, मग आयटीआय, मग निघोजेची कंपनी, प्रेस मशीनवर सहा वर्षं, घरी बसून कोडिंग शिकलो – अरे, कीर्तन आहे का ते? मला हसू आवरेना.

तरी घेतला असता तुला, देवाशप्पथ. पण तुझी जीभ! मी काय विचारलं – दिवसाचं प्रॉडक्शन मोज. साधा प्रश्न, दहा पोरांना टाकला, दहाही जणांनी तारखेनं बेरीज केली आणि गप्प बसले. आणि तू? ‘सर, प्रश्नच चुकलाय.’ मॅडमसमोर! तिसरी शिफ्ट रात्री अकराला लागते, सकाळी सातला सुटते, बाराला तारीख बदलली तरी सगळा माल आदल्याच दिवसाचा धरतात – हो रे बाबा, धरत असतील, मी कधी तिसरी शिफ्ट केलीय? पण पुढं बोलायची काय गरज होती? ‘आमच्या कंपनीत तुमचंच सॉफ्टवेअर आहे, तिसऱ्या शिफ्टचा माल दोन तारखांत विभागला जातो, टार्गेट कमी दिसतं, पोरांना मेमो मिळतात.’ मॅडमनी हळूच माझ्याकडं बघितलं. ते सॉफ्टवेअर कुणी लिहिलंय, त्यांना माहितीय. दोन महिने मी त्यांना सांगतोय, ऑपरेटरच कामचुकार आहेत म्हणून. – तुला पण मिळाला मेमो? तीनदा! अरेरे... घे, बिस्कीट घे.

काय? राजीनामा? इंटरव्ह्यूच्या आधीच? एचआरची मुलगी म्हणाली ‘झाल्यातच जमा आहे’, आणि तू लगेच जाऊन राजीनामा टाकलास? अरे गाढवा! घरी काय सांगितलंस? पेढे नाही ना वाटलेस? – वाटलेस. धन्य आहे बाबा तुझी.

बरं ऐक, डोळे पूस, लोक बघतायत. एक सांग मला – रविवारी सुट्टी, आणि शनिवारची तिसरी शिफ्ट रविवारी सकाळी सुटली, तर तो माल कुठं धरायचा? शनिवारीच? आणि पोरं ओव्हरटाइमला थांबली तर? थांब, थांब, मोबाइलवर लिहून घेतो... शिफ्ट कधी लागली ते बघायचं... हां, मग? सावकाश सांग... वा, काय छान समजावतोस रे! एवढंच ना? मग आज संध्याकाळपर्यंत सॉफ्टवेअरमध्ये ही दुरुस्ती टाकतो मी.

– नाही रे, निकाल तोच. मेल कधीच गेला. चल, ऊठ आता, मॅडम येतायत चहाला, खुर्ची रिकामी कर.