दुसऱ्या वर्षाची एक जागा

इंजिनिअरिंग कॉलेजच्या ऑफिसपुढं कॉलेज बदलणाऱ्यांची रांग लागली होती. स्वरालीच्या अर्जावर वडिलांची सही कालच झाली होती, न वाचताच केलेली. तिच्या पुढं उभे असलेले बद्रीनाथ मात्र गंगापूरहून येऊनही लेकीचा, सोनियाचा, अर्ज नुसता हातात धरून होते.

“अण्णा, करा ना सही. पुण्याच्या त्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला एकच जागा रिकामी हाये.”

“कुणाची व्हती?”

“यादीत नाव नसतं. नुसता आकडा असतो.”

“तसल्या कॉलेजातली जागा कुणी उगं सोडतंय व्हय?”

“नापास झाला असंल कुणी. नाय तर परदेशी गेला असंल.”

“नाय तर?”

सोनियानं हातातल्या पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. मागं स्वरालीनं आपल्या अर्जावरची सही पुन्हा पाहिली.

“इथं तुझा पहिला नंबर हाये.”

“तिथं सगळेच पहिल्या नंबरचे असतेत, अण्णा. म्हणून तर जायचंय.”

“त्या लेकराचाबी पहिलाच असंल की, सोने. त्याच्या बापानंबी अशीच सही केली असंल.”

“मग नको जाऊ?”

“जा. पण नाय झेपलं तर फोन करायचा. परीक्षा असो, काय बी असो. ‘अण्णा, या’ एवढंच म्हणायचं. मी कारण इचारणार नाय.”

“करीन.”

“आता म्हणून दाखव.”

“इथं? लोक बघायलेत.”

“बघू दे.”

“अण्णा, या.”

“आलो. आण तो पेन.”