साडूचं सगळं वेळेवर

नाही, मी काय म्हणतो, माणसानं वेळेवर असावं, जरूर असावं, पण किती? काही सुमार? हसताय तुम्ही. हसा, हसा. तुमचा साडू विसरभोळा असणार, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारा, अगदी देवमाणूस! माझा तसा नाही हो. माझा साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, माझ्याहून लहान, मला 'दादा' म्हणतो, 'अहोजाहो' करतो, आणि त्याचं सगळं... तुम्हाला सांगतो, सगळं... वेळेवर असतं! लाइटबिल वेळेवर, दात तपासणं वेळेवर, केस कापणं वेळेवर. सर्दीसुद्धा सुट्टीच्या दिवशी होते त्याला आणि कामाच्या दिवशी बरी होते!

आता मी इथे फाटकात का उभा आहे, बगलेत ही पडद्याच्या कापडांची जाडजूड पुस्तकं का आहेत, स्वतःची गाडी असून मी असा ताटकळत का, असं वाटत असेल तुम्हाला. तेच सांगतोय. पडद्यांचा व्यवसाय आहे माझा. लोकांच्या घरी जायचं, खिडक्यांची मापं घ्यायची, नमुने दाखवायचे, बाईसाहेबांना निळा आवडतो, साहेबांना चॉकलेटी, दोघांचं भांडण शांतपणे बघायचं आणि शेवटी दोघांनाही न आवडणारा करडा विकायचा. या धंद्याला गाडी लागते. ही पुस्तकं घेऊन बसमध्ये चढून बघा एकदा, कंडक्टर दोन तिकिटं मागतो.

तर गाडी होती. आहे! पोलीस ठाण्याच्या आवारात आहे... होती... आता सुटली, पण मी चालवू शकत नाही. थांबा, गोंधळ होतोय. पहिल्यापासून सांगतो.

आमचा एक कुटुंबाचा ग्रुप आहे मोबाईलवर. सासरे, सासूबाई, दोघी बहिणी, आम्ही दोन जावई. तिथे एका सकाळी साडूचा मेसेज. 'सर्वांनी आपापल्या गाडीचा विमा तपासावा. माझा आजच उतरवला.' झालं! सासऱ्यांचा अंगठा. सासूबाईंचा अंगठा. माझ्या बायकोचा... माझ्या बायकोचा अंगठा आणि वर फूल! मला कधी फूल आलंय? मी एकदा बेडरूमचे पडदे बदलून फोटो टाकला होता, तर सासऱ्यांनी विचारलं, 'मागे भिंतीला ओल आली आहे का?'

आता गंमत अशी, माझा विमा खरंच संपत आला होता. आणि मी भरणारच होतो. अगदी त्याच आठवड्यात. पण आता त्यानं सांगितल्यावर भरायचा? म्हणजे उद्या सासरे म्हणणार, 'धाकट्यांनी आठवण करून दिली म्हणून बरं, नाहीतर थोरले विसरलेच होते.' मी म्हटलं, जरा दिवस जाऊ देत. त्याचा मेसेज शिळा होऊ दे. मग आपण आपल्या मनानं भरू, कसं? दिवस गेले. मी भरायला बसलो, मोबाईल हातात घेतला, तर वर त्याचा मेसेज... 'दादा, तुमचा विमा राहिला असेल तर आठवण करून देतोय.' ठेवला मोबाईल खाली! पुन्हा थांबलो. पुन्हा भरायला बसलो, पुन्हा आठवण! मग विमा संपला तो कुणामुळे? तुम्हीच सांगा! मी न्यायाधीशबाईंनाही हेच सांगणार होतो, पण वकील म्हणाला, 'हे बोललात तर मी तुमचा वकील नाही.'

बरं, जळतो मी त्याच्यावर. हो, जळतो, त्यात लपवायचं काय? तो एक्स-रे काढतो दवाखान्यात. दिवसभर लोकांच्या आत बघतो, त्यामुळे माझ्याही आत दिसत असेल त्याला, काळा धूर नुसता. आणि त्याचा आवाज असा थंड, बारीक, कामावरचा घरी घेऊन येतो. 'दीर्घ श्वास घ्या... रोखून धरा... हलू नका... सोडा.' घरात कुणी रागावलं की हा सुरू. सासरे मंत्रमुग्ध! मी घसा फोडून सांगितलं की ऐकत नाहीत, त्यानं 'हलू नका' म्हटलं की पुतळे.

तर त्या दिवशी सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊन पट्टी निघाली होती. आम्ही सगळे बघायला जाणार. बायकोला म्हटलं, आज आपण आधी पोचायचं. काहीही होवो, आधी! तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी म्हटलं की आज आपण उडत जायचं. तरी निघालो. लवकर निघालो! गल्लीत वळलो, आणि... उभी! त्याची गाडी. झाडाखाली, सावलीत, धुतलेली, फाटकाला समांतर. साडूचं सगळं वेळेवर!

आता उरलं काय, तर त्याच्या गाडीच्या बाजूला सावलीचा एक तुकडा. बाकी सगळं रणरणतं ऊन. बायको म्हणाली, 'अहो, नाही मावणार तिथे. उन्हात लावा.' मी म्हटलं, 'मला सांगतेस? मापं घेऊन पोट भरतो मी. माझा डोळा म्हणजे टेप!' आणि खरं आहे ते, खिडकी बघून रुंदी सांगतो मी, बोटभर फरक पडत नाही. पण पडद्याचं काय असतं, कापड जास्त झालं तर चुण्या घालायच्या. पडदा कुठेही मावतो. इतक्या वर्षांची सवय हो, डोक्यात तेच बसलेलं, की थोडं जास्त असेल तर काय, जमवू... मी पुढे गेलो, मागचा गिअर टाकला, बायको म्हणते 'बास', मी म्हणतो 'अजून आहे', ती म्हणते 'अहो बास!', मी म्हणतो 'चुण्या...' 

धाड!

पडल्या चुण्या. त्याच्या दरवाजाला.

आणि वर खिडकीत सासूबाई! काळा चष्मा वर करून, नव्या कोऱ्या नजरेनं! 'अगं बाई, किती स्वच्छ दिसतंय!' त्या आनंदानं ओरडल्या. 'थोरल्या जावईबापूंनी धाकट्यांची गाडी ठोकलेली मला अगदी स्पष्ट दिसतेय!' कितीतरी वर्षं धूसर दिसत होतं त्यांना. मी केवढ्या चुका त्या धुक्यात पार पाडल्या होत्या! आणि डॉक्टरनं पट्टी सोडायला आजचाच दिवस शोधला.

एक गोष्ट सांगतो, ती हसण्यावारी नेऊ नका. त्याच दरवाजापाशी, मी गाडी मागे घ्यायच्या जरा आधी, माझी मेहुणी उभी होती. आतून पिशवी काढत होती. ती आत गेली आणि मी मागे आलो. हे मला नंतर कळलं. अजूनही गिअरचा आवाज आला की आधी ती पिशवी डोळ्यांसमोर येते.

पण तेव्हा? तेव्हा मला एवढंच सुचलं की गाडी पुढे घ्यावी, साडूला जवळ घ्यावं, खांद्यावर हात टाकावा आणि म्हणावं, जाऊ दे रे, आपापसात मिटवू. इतक्यात तो बाहेर आला. धावत नाही हं, चालत. चेहरा शांत. मला म्हणाला, 'दादा, हलू नका.' मी गाडीत बसल्या बसल्या ताठ! 'गाडीही हलवू नका. फोटो काढतो.' पुढून काढला, मागून काढला, बाजूनं काढला, मला वाटलं आता श्वास रोखायला सांगतो की काय. मी खाली उतरलो, हळूच म्हटलं, 'अरे, घरातली गोष्ट आहे...' तर म्हणाला, 'दादा, काळजी करू नका, विमा कंपनीला कळवलंय मी. त्यांना पोलिसांची नोंद लागते म्हणून पोलिसांनाही कळवलंय.' कधी? कधी कळवलंस बाबा? मी अजून ब्रेकवरचा पाय काढला नव्हता! साडूचं सगळं वेळेवर!

आले पोलीस. अगदी सभ्य माणूस, हळू बोलणारा. आधी साडूचे कागद बघितले. प्लॅस्टिकच्या पाकिटात, एकावर एक, कोपऱ्याला कोपरा. 'छान,' म्हणाले. कागदांना कुणी छान म्हणतं का हो? मग माझ्याकडे वळले. 'विमा?'

म्हटलं, 'आहे ना... म्हणजे होता.'

'होता चालत नाही.'

'भरणारच होतो साहेब.'

'भरणार होतो तेही चालत नाही. आज आहे का?' 

आणि मागून साडू, कळवळून, अगदी मनापासून, 'दादा, मी आठवण करून दिली होती की हो!'

बघा! बघा म्हणजे! सासरे दारात, सासूबाई खिडकीत, बायको माझ्याकडे अशी बघतेय की मीच उद्या एक्स-रेला जावं. गाडी नेली. माझ्या डोळ्यांदेखत, पुढची चाकं उचलून, मान धरून न्यावी तशी. डिकीतली ही पुस्तकं तेवढी काढू दिली.

मला वाटलं दंड होईल, भरू, विषय संपला. कसला संपतोय! वकिलानं समजावलं. म्हणाला, 'साहेब, स्वतःच्या गाडीचं तुम्ही काय वाटेल ते करा हो, पण दुसऱ्याचं नुकसान केलंत तर ते भरून द्यायला विमा असतो. तो नसला की भरून कोण देणार?' 'कोण?' 'तुम्ही.' आणि झालं तसंच. त्याच्या कंपनीनं त्याला नवा दरवाजा बसवून दिला, लगेच, हसतमुखानं, आणि मग त्याच कंपनीनं त्या दरवाजासाठी मला नोटीस पाठवली! म्हणजे काय झालं? मी माझ्या साडूला दरवाजा भेट दिला! आधीच्यापेक्षा चांगला! हळूच लोटला तरी लागतो. माझ्या गाडीचा चेपलेला मागचा भाग मात्र तसाच, ठाण्याच्या आवारात, ऊन खात. गाडी उन्हातच लागली शेवटी.

मग कोर्ट. तारखेच्या दिवशी सकाळी खाली हॉर्न. साडू! 'दादा, म्हटलं तुम्हाला उशीर नको.' इतके आधी पोचलो की कोर्टाचा झाडूवाला म्हणाला, 'पाय वर घ्या.' खरं सांगतो, खूप घाबरलो होतो. लायसन्स गेलं तर धंदा गेला, गिऱ्हाइकं काय माझ्यासाठी खिडक्या उचलून दुकानात आणणार? साडूनं माझा हात धरला. 'दादा, दीर्घ श्वास घ्या... रोखून धरा...' मी धरला. तेवढ्यात माझा पुकारा झाला आणि हा 'सोडा' म्हणायला विसरला! म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा हा काही विसरला, आणि तेही माझ्या श्वासाबाबत! न्यायाधीशबाई विचारतायत, 'गुन्हा कबूल आहे का?' आणि मी गाल फुगवून, लालबुंद, डोळे बाहेर! 'उत्तर द्या!' मी मागे वळून बघतोय. शेवटी तिथून बारीक आवाज, 'सोडा, दादा.' आणि मी सोडला... 'कबूऽऽल!' सगळं कोर्ट दचकलं.

बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, 'दरवाजा होता म्हणून दरवाजावर भागलं. माणूस असतं तर? त्या माणसाला काय दिलं असतंत? पडदे?' मी मान खाली घातली. मला ती पिशवी आठवली. दंड झाला, दरवाजा माझ्यावर बसला आणि लायसन्स काही महिने बंद. आता विमा उतरवलाय. हो, त्याच संध्याकाळी उतरवला! विमा आहे, गाडी आहे, चालवायची परवानगी नाही. बायको म्हणते, 'निदान ग्रुपवर तरी टाका.' टाकलं. अंगठे आले. फूल नाही.

तेव्हापासून रोज सकाळी हा मला नेतो. दवाखान्यात जाता जाता गिऱ्हाइकाच्या दारात सोडतो, परतताना उचलतो. मी त्या नव्या दरवाजाच्या बाजूला बसतो. माझ्याच दरवाजाच्या! आणि सासरे मला फोन करून विचारतात, 'धाकटे दमत नाहीत ना हो?'

आणि काल... काल तर कहर झाला. सिग्नलला थांबलो होतो. हा एकदम म्हणाला, 'दादा, एक सांगू? रागावणार नाही ना? मला तुमचा फार हेवा वाटतो.'

मी म्हटलं, 'माझा?'

'तुम्ही उशिरा येता ना, तेव्हा सगळं घर वाट बघत असतं. तुम्ही आलात की सगळे उठतात, आले बाई एकदाचे, म्हणतात, हसतात, चहा टाकतात. मी आलो तर कुणी मान वर करत नाही. वेळेवरच येणार, त्यात काय! तुम्ही एवढी गाडी ठोकलीत, तर सासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत तुमच्या काळजीनं. माझी कुणी काळजीच करत नाही हो.' 

असं म्हणाला आणि पुढे बघत राहिला. सिग्नल हिरवा झाला तरी हलेना. मागून हॉर्न! गलबलून आलं, खोटं कशाला बोलू. मनात म्हटलं, अरे, इतकी वर्षं मी एकटाच जळत होतो असं मला वाटत होतं! घसा साफ केला आणि विचारलं, 'कधीपासून रे?'

म्हणाला, 'पहिल्यांदा त्या घरी आलो होतो ना, लग्न ठरायच्याही आधी. तुम्ही उशिरा आलात आणि सगळे उठून उभे राहिले. तेव्हापासून.'

लग्न ठरायच्याही आधी! आणि मी? मी तर त्याच्या लग्नात सुरुवात केली होती हो! एक जळणं तेवढं माझं स्वतःचं होतं, वाटलं निदान त्यात तरी आपण पुढे आहोत... तिथेही हा माझ्या आधी पोचून, सावलीत गाडी लावून बसलेला!

घ्या. वाजला हॉर्न. ही पुस्तकं सावरतो जरा... निघतो. काय करणार? साडूचं सगळं वेळेवर!