तीस टक्क्यांवरचा संडास

...आणि वर मलाच विचारतात, बाबा, तुम्ही आधी का नाही बोललात? आता मी बोललो की नाही, ते तुम्हीच ठरवा.

तुम्हाला सांगतो, चौक गावाच्या अलीकडे खोक्यांचा कारखाना उभा राहायचा होता, मी तिथं वॉचमन, आणि गेटाजवळची झाडलोट आमच्या सोनाबाईला मिळणार होती. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा दोघं एका जागी कामाला, दुपारचा डबा एकत्र खाणार... पण तिला साखरेचा आजार, तासाला एकदा उठावं लागतं, आणि नकाशात बायकांचा संडास कुठं? पार मागच्या शेडच्या मागं! गुडघे धरत जाऊन येईपर्यंत पुन्हा जायची वेळ. ती म्हणाली, “गेटापाशी सोय आसंल तर येते. नायतर तुमी येकलेच खावा डबा.”

आता ही शिकलेली माणसं नकाशा एकदम करत नाहीत. तीस टक्के झाला की तपासायला बसतात, साठ झाला की बसतात, नव्वद झाला की बसतात... खुर्च्या मी पुसायच्या, चहा मी न्यायचा. शेवटी पुण्याचे मोठे साहेब चष्मा काढून विचारतात, “कुणाला काही सांगायचंय?” आणि सगळे आपापल्या मोबाइलमध्ये बघतात.

तीस टक्क्यांना मी ट्रे धरूनच म्हटलं, साहेब, गेटाजवळ बायकांसाठी एक संडास... साहेब प्रेमानं म्हणाले, बाबा, फार लवकर बोललात, आत्ता फक्त खांब बघतोय. त्यांची इंजिनीअर रिया मॅडम, पोरगी गुणी, तिनं वहीत लिहून घेतलं.

साठ टक्क्यांना पुन्हा, “कुणाला काही सांगायचंय?” मी पुन्हा तेच. मॅडमनी वही उघडून सांगितलं, हा मुद्दा आपल्याकडे आलेला आहे. त्यानं सगळ्यांना इतकं बरं वाटलं, की पुढं कुणी काही केलंच नाही. घरी सोनाबाई विचारते, झाला का? म्हटलं, साठ टक्के झालाय. म्हणाली, “मंग मी काय साठ टक्के बसू?”

नव्वदला साहेबांचा हात चष्म्याकडं जायच्या आत मी बोललो. साहेब म्हणाले, बाबा, आता फार उशीर झाला, नकाशा बंद झाला. म्हणजे तीसला लवकर, नव्वदला उशीर... मग बोलायचं कधी? दोन बैठकांच्या मधे, एकट्यानंच?

कारखाना उभा राहिला. मग एका रविवारी वाडीवरचा नवशा आला, आम्ही दोघांनी गेटाजवळच्या माझ्या केबिनमागं खड्डा खणला, आडोशाला कारवीच्या काठ्यांचा कूड घातला, वर पत्रा टाकला. एकही बैठक न घेता संध्याकाळी तयार. सोमवारी सोनाबाई कामावर, दुपारी दोघांचा डबा.

आणि महिनाभरानं साहेब आले. घाट उतरून आलेला माणूस, गाडीतून उतरला तो आधी तिकडंच पळाला. सोनाबाई बादली घेऊन बाहेर उभी, मला म्हणते, “सायबाला सांगा, पानी वतून या.” साहेब मोकळे होऊन आले आणि म्हणाले, हा संडास नकाशात नाही!

झालं, बैठक बसली. पाडायचा की नकाशात घ्यायचा? मॅडम म्हणाल्या, काहीही करायचं तरी आधी त्याचा नकाशा हवा, पहिल्यापासून, तीस टक्क्यांपासून. दाराबाहेर सोनाबाई झाडू धरून उभी, मी कपांचा ट्रे घेऊन आत. साहेबांनी चष्मा काढला. “कुणाला काही सांगायचंय?” या वेळी सगळे माझ्याकडंच बघत होते.

मी कप खाली ठेवले. म्हटलं, “आत्ता फार लवकर होईल, साहेब. नव्वदला बोलेन.”

मॅडमनी मान खाली घालून वहीत लिहून घेतलं. त्याला आता दोन वर्षं झाली. कागदावर आमचा संडास अजून तीस टक्केच झालाय... तोवर वापरतोय आपला.