तीस गुंठ्यांच्या मधोमध

बाबानं. दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायचं कामच न्हाय पावणं, घर असं मधी नेऊन ठेवलं ते आमच्या बाबानं. रस्ता हितं, लाईटचा खांब हितं, नळाची लाईन हितं, मग घर तिकडं लांब का — बरोबर विचारलासा. येडेपणा, दुसरं काय. ह्या माणसानं चारी कोपऱ्यांत खुंट्या मारल्या, ह्या टोकापास्नं त्या टोकापतोर तिरक्या सुतळ्या ताणल्या, आणि सुतळीवर सुतळी आली तिथं पाया खणला. गवंडी आकाराम सांगून दमला — "बाबासो, पाईपला, वायरीला उगंच लांबण लागंल, जरा रस्त्याकडं सरका." सरकतोय व्हय! "चारी बाजूनी सारखं मोकळं पायजे," म्हणाला. झालं. गेटपास्नं दारापतोर पंच्याहत्तर फूट, मागच्या दारापास्नं कुंपणापतोर पंच्याहत्तर फूट. आणि तुम्ही आल्यापास्नं चारदा म्हणालासा, काय मोकळी जागा हाय, काय मोकळी जागा हाय — जरा दमानं घ्या. आमच्या घरात ती शिवी हाय.

का मोकळं पायजे हुतं, ते पण ऐका. ह्याआधी आमी कागलात गल्लीत राहायचो. दोन खोल्या, पण सोताच्या. शेजाऱ्यानं जुनं घर पाडून नवीन काढलं. मधली भिंत सामाईक, गल्लीत सगळ्यांच्याच सामाईक — ह्यानं काय केलं, आमची भिंत तशीच ठेवली आणि चार बोटं जागा सोडून आपली दुसरी भिंत उभी केली. बाबा भोळा, विचारायला गेला, "का हो, विटा फुकट घालवताय?" त्यो हसून म्हणतोय कसा, "वाईट वाटून घेऊ नका बाबासो, त्या भिंतीला आमचं देवघर येतंय." कळलं न्हवं? आमच्या भिंतीला बाबासाहेबांचा फोटो, मग त्याचा देव बाटणार. चार बोटं! उंदरं राहायची त्यात. बाबा घरात आला, जेवला न्हाय, आणि दुसऱ्या दिवसापास्नं सूतगिरणीत डबल पाळी करायला लागला. अकरा वर्सं. त्र्याण्णव साली हा माळ घेतला. कुणाची भिंत आपल्या भिंतीजवळ याय नको — एवढंच डोक्यात. मला शेजाऱ्याचा राग येत न्हाय असं समजू नका, येतो, दात खाऊन येतो. पण त्यानं चार बोटं सोडली. बाबानं पंच्याहत्तर फूट सोडलं, आणि ते आमच्याभवती सोडलं.

आता गवत बघा. बघा की! पाऊस झाला की कंबरंएवढं. ह्या कोपऱ्यातनं कापत गेलं की त्या कोपऱ्यात पोचंस्तोवर हितलं परत वर आलेलं. हद्दीचं दगड — मागल्या बाजूचा प्लॉटवाला रोज शेण गोळा कराय आल्यागत येतोय आणि दगड वीतभर सरकवून जातोय. म्हणून माझं कॉलेज सुटलं. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्साला होतो, फर्स्ट क्लास न्हवता पण पास होत हुतो. बाबा म्हणाला, "राखण ठेवायला कशाला माणूस, घरचं पोरगं हाय की." आणि आता चार माणसांत म्हणतोय, भूषणनं शिक्षण अर्धवट सोडलं! सोडलं व्हय? दगड राखायला लावलंस की मला. बुद्धभूषण नाव ठेवलं, आणि हातात खुरपं दिलं. म्हातारी माणसं अशीच असत्यात पावणं, आपला अपमान पोराच्या पाठीवर लादत्यात आणि वर म्हणत्यात, तुझ्यासाठीच केलं.

न्हाय, फायदा झाला की, खोटं कशाला बोलू. माझ्या बहिणीला, संघप्रियाला बघायला इचलकरंजीचं पावणं आलं, ते जागा बघूनच निम्मं खूष. आईचं तर काय विचारू नका. मीनाबाईच्या वरण्याच्या शेंगा, मीनाबाईचा दोडका — आल्यागेल्याला पिशवी भरून द्यायची. पण आलं-गेलं कोण? गल्लीत आई खोकली तरी तीन घरातनं विचारायचे. हितं गेटावर माणूस उभा राहून वरडतोय, आत पत्ता न्हाय. आत माणूस वरडतोय, बाहेर कुणाला पत्ता न्हाय. आईच म्हणायची, "सकाळपास्नं तोंडातनं शब्द काढला न्हाय रं, जीभ आखडली." बाबा म्हणायचा, "व्हईल सवय." मग ती मलाच हाका मारायची. भूषणा, मोटार चालू कर. भूषणा, नळी हिकडं वड. भूषणा, इळा आण. दिवसातनं वीस हाका. कामाच्या हाका निराळ्या असत्यात व्हय? सारख्याच असत्यात. कुणालाबी विचारा.

भादव्यातली दुपार. दोन हजार तीन. बाबा पाळीला, मी टीव्हीवर मॅच बघत पडलेलो. आई मागं कुंपणाला गवत कापत हुती. सकाळीच भांडाण झालेलं आमचं, त्या गवतावरनंच — "उद्या कापतो" मी म्हणालो, ती म्हणाली "तुझा उद्या कवा उगवतोय बघते," आणि इळा घेऊन गेली. ऐकू आलंच न्हाय मला. मागं पंच्याहत्तर फुटावर, वारं उलटं, टीव्ही चालू — कसं ऐकू येईल? तुम्ही सांगा, येईल? जावा तिथं, हाक मारून बघा, मी आत बसतो.

का बघताय असं?

आलं हुतं. पयली हाक आली, म्हटलं नळी. दुसरी आली, म्हटलं मुद्दाम करती. तिसऱ्या हाकंला मी आवाज वाढवला. मॅचचा. ओव्हर संपली, जाहिराती लागल्या, तवा उठलो — घोणस चावलेली, पिंढरीला. ती हाक मारून मारून बसली हुती, इळा बाजूला नीट ठेवलेला. उचलून गेटापतोर आणली, गेटापास्नं चिखलातनं डांबरीपतोर, एक माणूस दिसंना. कागलात असतो तर चाळीस माणसं धावली असती, त्यो देवघरवालासुदीक आला असता. रिक्षा मिळंस्तोवर तिचं बोलणं जड झालेलं. दवाखान्याच्या पायऱ्या चढाय लागल्या न्हाईत तिला.

बाबाला मी सोताहून सांगितलं. कुणी विचारलं न्हवतं. तिसऱ्या दिवशी, माणसं गेल्यावर — बाबा, हाक ऐकू आलती, म्हटलं. वाटलं, मारंल. मारलं असतं तर बरं झालं असतं. उठला, आणि पुढल्या खोलीतनं आपलं अंथरूण मागल्या खोलीत नेलं.

जागा विकणे आहे, ती पाटी मी लावलीया. त्याला माहीत हाय का, मला माहीत न्हाय. सही त्याची लागंल. जावा, मागं बसलाय, तुमचं तुम्हीच विचारा. मला विचारता येत न्हाय. आई गेली माझी, आणि बाबा माझ्याशी बोलत न्हाय. दोन वर्सं झाली.