म्हातारी वाजेपर्यंत

—नको नको, त्या खुर्चीवर नका बसू भाऊ, टॉवेलाखाली नकटी आहे. इकडे पलंगावर बसा, ती पेटी जरा पलीकडे सरकवा—हां. नकटी म्हणजे ते कॉर्नेट हो, ट्रंपेटासारखंच फुंकायचं पितळी वाद्य, तोंडाशी चेपलंय ना, म्हणून आमचे हे तिला नकटी म्हणतात. कपाटावर आहे ती ठेंगणी, आरशाला टांगलीय ती काळुंद्री, आणि शिवणयंत्राच्या झाकणात झोपलीत ती दोन ट्रंपेटं, ती जुळी. एकोणीस आहेत सगळी मिळून. तुम्ही यादी आणलीच आहे म्हणा, तुमचा धंदाच जुन्या वाद्यांचा, पण यादीत ही नावं नसणार. यादीत काय, कुठल्या सालचं, चांदीचा मुलामा आहे की गेला, संपलं. चहा टाकू? घेतलात? दोनदा? मग तिसऱ्यांदा घ्या, दोन कप म्हणजे काय चहा झाला होय.

येतील हो, येतीलच आता. आतल्या खोलीत म्हातारी पुसतायत. म्हातारी म्हणजे मी नव्हे—मी इथे तुमच्यासमोर बसलेय—म्हातारी म्हणजे त्यांचं पहिलं कॉर्नेट, अंगावर वेलबुट्टी कोरलेली आहे ते. भंगारवाल्याच्या ढिगात सापडलं होतं, आमचं लग्न व्हायच्या आधी, म्हणजे त्या हिशोबाने ती माझी थोरली सवत. बाकी अठरा पेटीत भरू देईन, पण हिला मी स्वतः पुसून देतो, म्हणाले, आणि दार लावून घेतलं. त्याला आता अर्धा तास झाला. एवढं एक वाद्य पुसायला अर्धा तास लागतो का, असंच मनात आलं ना तुमच्या? मला कळतं हो. तुमची गाडी खाली उभी आहे, गाडीवाला भोंगा वाजवतोय, तेही कळतं. गंमत बघा, भोंगा. गल्लीत आमच्या ह्यांना सगळे भोंगाच म्हणतात. पत्ता विचारलात ना कोपऱ्यावर? काय सांगितलं? भोंग्याचं घर ना? बघा.

चाळीस वर्षं ऐकतेय मी. कारखान्यात लेथवर होते, कारखान्याचा बँड होता, त्यात वाजवायचे, आणि घरी येऊन हात धुतले की पुन्हा सुरू. हातात येईल ते वाद्य घ्यायचं, आधी सरळ सप्तक वाजवायचं, सा रे ग म प—आणि ध ला फाटायचं. दर वेळी. वाद्य कुठलंही घ्या, ठेंगणी घ्या, जुळ्यातलं घ्या, ध ला आवाज फाटणार म्हणजे फाटणार. मग तिथेच थांबायचं, पाणी काढायचं—फुंकरीचं पाणी साठतं ना नळीत, ती छोटी चावी दाबून फरशीवर सोडायचं, माझ्या पुसलेल्या फरशीवर—आणि पुन्हा सा पासून. मी काय करायचे? दार लावायचे, खिडक्या लावायचे, म्हणजे गल्लीला निदान निम्मं ऐकू जाईल. उन्हाळ्यातसुद्धा. घामाने नुसती भिजायचे पण खिडकी उघडायचे नाही. थोरली लेक जन्मली तेव्हा तर तिचा एक पायमोजा मी ठेंगणीच्या आत कोंबला होता, खोल, हात जाईल तिथपर्यंत. दोन दिवस बिचारे शोधत होते आवाज कुठे गेला ते. तिसऱ्या दिवशी पायमोजा हातात धरून स्वयंपाकघरात उभे. नुसते हसत होते. हसायचे ते तेव्हा.

कशाला विकतायत? तुम्हाला फोनवर नाही सांगितलं? नाहीच सांगणार. दात, भाऊ. वरचे पुढचे हलत होतेच, मग दातांचे डॉक्टर म्हणाले, सगळेच काढू, कवळी बसवू. आता हे वाजवणं म्हणजे ओठ दाबून धरायचे आणि मागे दातांची भिंत पाहिजे, भिंतच गेली तर ओठ टेकणार कशाला? चार महिने घरात शांतता. तुम्हाला वाटेल बाईला बरं वाटलं असेल—वाटलं, पहिले आठ दिवस. नवव्या दिवशी मी नळ सोडून ठेवायला लागले, काहीतरी आवाज हवा म्हणून. मग कवळी आली. दुसऱ्या दिवशी ह्यांनी काळुंद्री उतरवली, सज्जात उभे राहिले, छाती भरून फुंकलं—आणि फुस्स, भाऊ, नुसतं फुस्स, आणि कवळी सुटून खाली, शेजारणीच्या कुंडीत. आणि मी हसले.

हसले हो. इतकी हसले की मला भिंत धरायला लागली. त्यांनी कुंडीतून कवळी आणली, धुतली, काळुंद्री परत टांगली, आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला फोन लावला. म्हणजे विकतायत ते दातांमुळे असं मी आत्ता म्हटलं ना, ते तसं नाहीये. माझ्या हसण्यामुळे विकतायत. मला वाईट वाटतं भाऊ. इतकं वाईट वाटतं की गेल्या दोन खेपांना तुम्ही यायचं ठरलं तेव्हा एका बाईने फोन करून सांगितलं ना, त्यांना ताप आहे, येऊ नका—ती मी. ताप कुणालाच नव्हता. रागावू नका, बिस्किट घ्या.

पण आज मी का टाळलं नाही ते ऐका. सकाळी ह्यांचा शर्ट खुंटीवर होता, खिसा फुगलेला, मी हात घातला तर काय? माउथपीस, ओठ टेकवायची ती पितळी वाटी. म्हातारीचं. ज्याला सगळं विकायचं आहे तो माणूस खिशात माउथपीस घेऊन कशाला फिरेल, सांगा बरं? म्हणजे आठ दिवस हे फिरायला जातो म्हणतात ते फिरायला जात नाहीत, कुठेतरी झाडाखाली बसून नुसत्या माउथपीसवर ओठ घोळवतात, नव्या दातांची सवय करतात. आणि मला सांगत नाहीत, का तर मी हसेन. आत्ता तिकडे पुसत नाहीयेत ते भाऊ, आत्ता तिकडे ते फुंकून बघणार आहेत. सूर लागला तर बाहेर येऊन तुम्हाला नाही म्हणतील. नाही लागला तर सगळं तुमचं. म्हणून तर तुम्हाला चहावर चहा पाजतेय. आणि मीही कच्ची नाही, हे अंघोळीला गेले तेवढ्यात मी म्हातारीला धुऊन ठेवली, कोमट पाणी, साबण, आतून लांब ब्रश, म्हणजे हलकी वाजेल, दातांना जोर पडणार नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा हात लावला, पण बघून बघून पाठ झालंय. ह्या जुळ्यावर दाखवते ना. ही वरची टोपी फिरवायची, हा दट्ट्या—पिस्टन हो—वर ओढायचा, असे तीन, पुसायचे, दोन थेंब तेल, आणि परत आत सोडायचे. झालं.

कुठला नंबर? पिस्टनवर? कुठे आहे नंबर, मला तर—थांबा, चष्मा. अगंबाई. एक. दोन. तीन. हे बारीक कोरलेलं. म्हणजे ज्याचं घर त्यातच जायला हवं? मी तर तिन्ही फडक्यावर ठेवले होते आणि हाताला आला तो आत सोडला, चष्म्याशिवाय. आता हे मी कसे घातलेत? ह्यात एक आणि तीन उलटे? मग काय होतं? फुंकून दाखवा, हो, तुम्ही, तुम्हाला येतं ना—काय झालं? थांबलात का? वाराच जात नाही? भोकं समोरासमोर येत नाहीत, म्हणून हवा अडते. म्हणजे म्हातारीतही. म्हणजे अर्धा तास हे आत फुंकतायत आणि पलीकडून काही येतच नाहीये, आणि त्यांना वाटतंय की आपलं तोंड गेलं.

त्यांना कळायला हवं म्हणता. हवंच, एवढी वर्षं वाजवलंय. पण धीर सुटलेला माणूस आधी वाद्याकडे बघतो का? तो स्वतःलाच दोष देतो. आणि आता मी ओरडून सांगितलं तर त्यांना कळणार मी खिसा बघितला, मी धुतली, मी इथे कान देऊन बसलेय. कळू दे. काय व्हायचंय ते होईल. अहो—अहो, ऐकलंत का—पिस्टन काढून नंबर बघा. एक आणि तीन उलटे असतील. मी घातलेत. हो, मीच. सकाळी धुतली मी तिला. तुमच्या तोंडाला काही झालेलं नाही.

आत खुर्ची सरकली.

तुम्ही बोलू नका जरा. कप खाली ठेवा, बशी वाजते. ऐकलंत? टोपी फिरतेय. पितळेवर पितळ, तो आवाज मला झोपेतसुद्धा ओळखता येतो. एक काढला. दुसरा. आता तेल लावत असतील, दोनच थेंब, जास्त नाही. लावली टोपी. आता. आता फुंकतील.

फुस्स झालं. झालं तर होऊ दे. हसतंय का कुणी? मी बघा, ओठ मिटून बसलेय. पुन्हा करा हो, पुन्हा, कुणी नाही हसत.

सा.

सा लागला भाऊ. थरथरतोय, पण सा आहे. रे. ग. सावकाश, अहो सावकाश, कवळी सांभाळून. म. प. आता बघा हं, आता ध, आता फाटेल—फाटला. फाटला हो. चाळीस वर्षं इथेच फाटतोय, तसाच्या तसा फाटला, दात नवे आणि आवाज तोच. काय झालं, माझ्याकडे असे काय बघताय, डोळ्यांत चहाची वाफ गेलीय. उठा आता. कप तिथेच राहू द्या. यादी घेऊन जा, काळुंद्री तेवढी खोडून टाका—नाही, सगळीच खोडा. त्या पेट्या गाडीवाल्याला रिकाम्याच न्यायला सांगा. नंबरचं सांगितलंत, उपकार झाले तुमचे, पण या आता. आणि जाताना दार—नाही, लावू नका. उघडंच असू द्या.